मागचं चाक पावणेदोनचं

सोपानराव कासार सायकल घेऊन दारात आला, तेव्हा शालनबाई अंगणात बांगड्या निवडत बसली होती. हिरव्या एकीकडे, लाल एकीकडे, बारीक तडा गेलेल्या मांडीशी. घंटी वाजली म्हणून तिनं वर पाहिलं. नवऱ्याच्या हातात हिरव्या रंगाची एक देखणी सायकल होती. अंग शेलाटं, हँडल खाली झुकलेलं आणि चाकं एवढी बारीक की हिच्यावर माणूस कसा बसतो असं वाटावं.

"कुणाची आणलीत?" तिनं विचारलं.

"आपली हाय," सोपानराव म्हणाला आणि उगाच पुन्हा एकदा घंटी वाजवली.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता. तिथल्या एका साहेबानं फटफटी घेतली आणि ही सायकल काढून टाकली. सोपानरावाला ती कुणाच्या तरी ओळखीनं मिळाली. सायकल घ्यायची हे नवराबायकोचं आधीच ठरलं होतं. मिसरूड फुटल्यापासून सोपानराव पायीच धंदा करत आला होता. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, पाठीवर गाठोडं, आणि चिंचवडातून निघून चिखली, नदीपलीकडचं निघोजे, तिथून पुढं चाकणचा बाजार. पण गेल्या उन्हाळ्यात त्याचा उजवा गुडघा सुजला तो काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं घेऊन चालणं आता बंद. सायकलीला हरकत नाही, गुडघ्यावर भार येत नाही.

सोपानराव अंगणातच एक चक्कर मारून आला, आणि शालनबाईला एक गोष्ट दिसली. त्याची पाठ ताठ झाली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं त्याला ओझ्यानं वाकलेलाच पाहिला होता. सायकलीवर बसलेला हा माणूस वेगळाच दिसत होता. तिला बरं वाटलं, आणि चाकांबद्दल जे तोंडाशी आलं होतं ते तिनं गिळून टाकलं.

बोलला तो उद्धवराव. हा परभणीकडचा माणूस, कामधंद्यासाठी इकडं आला आणि स्टेशनच्या रस्त्याला चिंचेखाली सायकलदुरुस्तीचं दुकान टाकून बसला. सोपानरावानं त्याच्याकडून मागं कॅरिअर बसवून घेतलं, तेव्हा उद्धवरावानं चाक फिरवून बघितलं आणि मान हलवली.

"सव्वा इंची टायर हाय राव. ही डांबरी रस्त्यावरची जात. तुमी हिला नदीत न्या‍यलाव."

"पळते कशी ते बघा की," सोपानराव म्हणाला.

आणि ती पळायची खरंच. जिथं पायी जायला अर्धा दिवस मोडायचा तिथून सोपानराव जेवायला घरी यायला लागला. पण तो आला की कॅरिअरवर बांधलेली बांगड्यांची पेटी शालनबाई उघडून बघायची. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या पेटीत रोज बांगड्या वाढलेल्या असायच्या. पहिल्यांदा वरच्या चार-दोन, मग मधल्या, मग अख्खी माळच्या माळ. शालनबाईनं पेटीत भाताचा पेंढा घातला. मग जुनं लुगडं फाडून प्रत्येक माळ गुंडाळली. एकदा तर माळा हँडलला टांगून पाहिल्या, त्या वाटेत एकमेकींवर आपटून आणखीनच गेल्या.

"यंदाची काचच कच्ची हाय," सोपानराव म्हणायचा. "वरूनच तसा माल येतोय."

काच तीच होती, व्यापारीही तोच होता. शालनबाईला ते कळत होतं आणि सोपानरावालाही कळत असणार. पण नवीन सायकलीचं सुख अंगावर असलेल्या माणसाला ते कुणी सांगावं?

वैशाखात निघोज्याच्या गोजाबाईच्या मुलीचं लग्न निघालं. हे गिऱ्हाईक सोपानरावाच्या वडिलांपासूनचं. नवरीचा हिरवा चुडा आणि घरातल्या झाडून साऱ्या बायकांच्या बांगड्या सोपानरावानंच भरायच्या, हे ठरलेलंच. शालनबाईनं एकेक बांगडी नखावर वाजवून, उजेडात धरून पारखली आणि माळा ओवल्या. सोपानराव सकाळीच निघाला.

तो दुपारी परत आला तो सायकल हातात धरून, चालत. कोपर सोललं होतं, धोतराला माती होती.

"काय झालं?" शालनबाई धावली.

त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसला. पाणी प्यायला, मग हळूहळू सांगायला लागला. नदीपर्यंत नीट गेला होता. उतारावरच्या वाळूत चाक रुतलं, तिथं उतरून सायकल ढकलत पलीकडं नेली. पुढं गाडीवाटेला लागला आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत पुढचं चाक शिरलं. बारीक चाक, ते चाकोरीतच धावायला लागलं. बाहेर काढायला हँडल वळवलं तर सायकल वळलीच नाही, आडवी झाली. पेटी खाली.

"गोजाबाईच्या घरी गेलात का मग?"

"गेलो. जायला नको का? पेटी उघडली त्यांच्यासमोर." सोपानरावानं कपाळ चोळलं. "ती माउली वाईट बोलली न्हाई. एवढंच म्हणाली, दादा, लग्नाच्या घरात हे काय आणलंस. सगळ्या बाया बघत हुत्या, शालन. मी पेटी मिटली अन् आलो. येताना हिच्यावर बसवंना."

शालनबाई उठली. घरात होत्या त्या साऱ्या हिरव्या बांगड्या तिनं खाली घेतल्या आणि निवडायला बसली. चाकणच्या बाजारासाठी राखलेला मालही तिनं सोडला नाही. एका रुंद टोपलीत मऊ वाकळ घातली, तिच्यात माळा मांडल्या आणि डोक्यावरून पदर घेतला.

"चला," ती म्हणाली. "मी येते. टोपली मांडीवर धरते."

"तू? कॅरिअरवर?"

"का? बाया बसत न्हाईत व्हय? त्यांची हळद उद्या हाय. आजच चुडा भराय पायजे."

गावातून जाताना ती थोडी लाजली, पण चिखलीचा रस्ता लागला तशी लाज मागं पडली, कारण दुसरंच सुरू झालं. खडी उखडलेल्या सडकेवर ती बारीक चाकं, त्यात ठासून भरलेली कडक हवा. एकेक दगड चाकातून कॅरिअरमध्ये, कॅरिअरमधून तिच्या कमरेत आणि कमरेतून थेट डोक्यात जात होता. टोपली मांडीवर ठेवली तर बांगड्या किणकिणायला लागल्या. म्हणून तिनं टोपली दोन्ही हातांनी अधांतरी उचलून धरली. दगड आला की हात खाली जाऊ द्यायचे, पुन्हा वर घ्यायचे. तोल जाऊ नये म्हणून पाय घट्ट आवळायचे.

"बरी हायस ना?" सोपानराव पुढून ओरडायचा.

"हाय. तुम्ही समोर बघा."

वाळूत दोघं उतरली. चाकोऱ्यांच्या वाटेवर ती पुन्हा बसली. निघोज्याच्या मांडवासमोर सायकल थांबली तेव्हा तिला आपले हात कोपरापासून पुढं आहेत की नाहीत हेच कळेना. पण टोपली उघडली तर आत एकही बांगडी वाढलेली नव्हती.

गोजाबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. नवरी सुमनला पाटावर बसवलं. सोपानराव बाहेर मांडवात थांबला. "आज माझी घरधनीणच भरील," तो म्हणाला. एवढं झाल्यावर नवरीचा हात धरायचं त्याला धाडस होईना. भोवती बाया जमल्या. शालनबाईनं सुमनचा हात हातात घेतला, अंगठा तळव्याकडं दुमडला, मुठीची हाडं दाबली आणि पहिली बांगडी चढवायला लागली.

तिचा हात थरथरला. तिला तो आवरेना. बोटांत ताकदच नव्हती, मुंग्या आल्या होत्या. बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली, तिनं जरा जोर केला आणि काच कट्‌कन गेली. सुमनच्या हातावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

बायांची कुजबूज थांबली. गोजाबाईचा चेहरा उतरला. शालनबाईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. लहानपणापासून माहेरी-सासरी हजारो हात भरले, नवरीच्या हातात काच जाण्याची वेळ कधी आली नव्हती. ती नेमकी आज यावी?

"अगं, तिच्या हाताकडं बघा की कुणीतरी."

आवाज माजघराच्या उंबऱ्यातून आला. नवरीची आत्या अंबूबाई तिथं बसली होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि चुडा भरताना विधवेनं पुढं यायचं नसतं म्हणून ती आपणहून बाजूला बसली होती.

"कासारणीचे हात कापत्यात," अंबूबाई म्हणाली. "चिंचवडापासून टोपली उचलून आणलीय तिनं. ती आल्याबरोबर मी बघितलं, तिची बोटं उघडत नव्हती. तेल आणा जरा कोमट करून."

कुणी हलेना. मग अंबूबाई स्वतःच उठली. चुलीवर तेल कोमट करून वाटीत घेऊन आली, पाटाजवळ बसली आणि शालनबाईचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन कोपरापासून बोटांपर्यंत चोळायला लागली. म्हाताऱ्या बोटांत चांगला जोर होता. गोजाबाईनं एकदा नणंदेकडं पाहिलं, भोवतालच्या बायांकडं पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "वन्सं, मनगटाला जरा जास्त चोळा. आन् सुमे, तू चहा सांग कुणाला तरी."

शालनबाईच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. हात दुखत होते म्हणून असेल, किंवा नसेलही.

चहा झाला. हातांत जीव आला. मग तिनं सुमनचा चुडा भरला, एकामागून एक, अंगठ्यावरून अलगद सरकवत, आणि पुन्हा काच बोलली नाही. त्यानंतर गोजाबाईचे हात, जावांचे, भाच्यांचे. सगळं उरकलं तेव्हा उन्हं कलली होती. निघताना शालनबाई अंबूबाईच्या पाया पडली. अंबूबाईनं तिच्या मनगटावर बोट टेकवून विचारलं, "आता जाताना पण तसंच बसायचं का?"

"टोपली रिकामी हाय आता, आत्याबाई."

"टोपली रिकामी हाय. पण हाडं तर तुझीच हायत ना?"

सोपानरावानं मांडवातून सारं ऐकलं होतं. परतीच्या वाटेला त्यानं तिला बसू दिलं नाही आणि स्वतःही बसला नाही. गुडघ्याला सोसत नसताना सायकल हातात धरून तिच्याबरोबर नदीपर्यंत चालत आला. वाळवंटात दोघं जरा टेकली.

"ही विकून टाकतो," तो म्हणाला. "मला काय कळलं न्हाई बघ. पेटीतल्या बांगड्या रोज ओरडून सांगत हुत्या, मी काचेला नावं ठेवत बसलो."

"सायकल विकून करणार काय? पुन्हा गाठोडं घेणार?" शालनबाई म्हणाली. "सायकल ऱ्हाऊ द्या. चाकं बदलून घ्या. दुधवाल्यांच्या सायकली न्हाई का, जाड चाकाच्या? त्यांचं दूध हिंदकळत न्हाई ते काय उगाच?"

सोपानरावानं सायकलीवरची वाळू झटकली. दुधवाल्याची सायकल म्हटल्यावर त्याचं तोंड जरासं वाकडं झालेलं तिनं पाहिलं, आणि तिनं विषय ताणला नाही.

लग्न पार पडल्यावर दोघं उद्धवरावाकडं गेली. 'मी मनलं नव्हतं का' असं तो एकदाही म्हणाला नाही, हे शालनबाईच्या ध्यानात राहिलं. त्यानं सायकल उलटी केली, चाक बसतं त्या चिमट्यात बोटं घालून जागा बघितली.

"हिच्यात रुंद टायर बसत न्हाई. चिमटाच अरुंद. मडगार्ड काढून टाकलं तर दीड इंची कसंबसं जाईल, पण चिखल अडकून चाक जाम व्हायचं." मग त्यानं सायकल सरळ केली आणि शालनबाईला कळेल असं सांगायला लागला. "बारीक टायरात हवा कडक ठेवावी लागती, बाई. ढिली ठेवली तर रिम दगडावर आपटती. आन् कडक ठेवली की दगड सरळ तुमच्या अंगात येतो. रुंद टायरात हवा थोडी मऊ ठेवता येती. खडा टायर गिळून टाकतं, तुमच्यापर्यंत येऊच देत न्हाई. चाकोरीत बी शिरत न्हाई, वरून जातं."

"मग तसल्या टायरची सायकल बघा," ती म्हणाली.

"पण जड असती. ओढावं लागतं. आन् ह्यांचा गुडघा."

आता अडचण समोर आली. बांगड्यांचं भलं बघावं तर गुडघा जातो, गुडघ्याचं बघावं तर बांगड्या. उद्धवरावानं दुकानामागून एक काळी, मजबूत सायकल काढली. तिच्यावरून तो रॉकेलचे डबे आणायचा. दोन्ही चाकं पावणेदोन इंची. "घेऊन जावा," तो म्हणाला. "चिखलीच्या वाटेनं फिरून या. बसल्याबिगर काय सांगता येत न्हाई."

शालनबाईनं टोपलीत थोड्या बांगड्या घेतल्या आणि मागं बसली. सडकेवर येईपर्यंत ती अंग चोरून, हात उचलून तयारीतच होती. दगड आले, गेले. कुणीतरी खालून उशी सरकवावी तसा नुसता हेलकावा येत होता. तिनं भीत भीत टोपली मांडीवर टेकवली. बांगड्या बोलल्या, पण हळू.

"कसं वाटतं?" सोपानरावानं विचारलं.

"मला चांगलं वाटतं. तुम्हाला?"

तो धापा टाकत होता. चढ लागल्यावर त्याचं पायडल जागेवर थांबायला आलं आणि तो उतरला, गुडघा दाबत. "हातातून सुटत न्हाई ही," तो म्हणाला. "पण म्हशीवर बसल्यावानी वाटतंय. वळवायची म्हटली तर दोन्ही खांदे लावावे लागत्यात."

त्या दिवशी ठरलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सोपानराव हिरवी सायकल अंगणात घेऊन पुसत बसला. शालनबाई बांगड्या ओवत होती. तिला दिसत होतं की तो पुसलेलीच जागा पुन्हा पुसतोय.

"लई आवडली हुती ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "शालन, हिच्यावर बसलं की मला माझा गुडघा आठवायचा न्हाई बघ. आयुष्यभर पाय ओढत हिंडलो. हिच्यावर पहिल्यांदा वाटलं, आपण बी हलके हाय."

शालनबाईनं हातातली माळ खाली ठेवली. तिला एवढंच कळलं की हा माणूस सायकलीचा हट्ट धरून बसलेला नाही, कशाचा तरी शोक करतोय. मग ती सावकाश म्हणाली, "मी बी रोज संगं येते. चढाला उतरत जाईन. तुम्हाला वजन ओढाय लागणार न्हाई. आन् वळवायचं जड जातंय म्हणालात, ते उद्धवरावांना सांगा. सगळं एका दमात कसं जमंल?"

त्यानं खरंच सांगितलं. उद्धवराव विडी ओढत थोडा वेळ काळ्या सायकलीकडं बघत राहिला. "वजन तर सगळं मागं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "पुढच्या चाकाला फक्त वाट दाखवायची. मग दोन्ही कशाला रुंद?" त्यानं पुढं दीड इंची टायर चढवलं, त्याच्या रिमसकट, आणि मागचं पावणेदोनचं तसंच ठेवलं. मागच्या चाकात हवा भरताना अंगठ्यानं दाबून दाबून बघितली आणि मऊ असतानाच पंप काढला. सोपानराव बसून रस्त्यावर एक फेरी मारून आला. हँडल आता त्याच्या हाताला वळत होतं.

"हलकी न्हाई," तो म्हणाला. मग हँडल पुन्हा एकदा वळवून बघितलं. "पण माझं ऐकती."

हिरवी सायकल उद्धवरावाकडंच राहिली, अदलाबदलीत. डांबरी रस्त्यानं जाणारा कुणीतरी गाठून त्याला देतो, असं त्यानं कबूल केलं. निघताना सोपानरावानं तिची घंटी काढून मागितली नाही की मागं वळून बघितलं नाही. शालनबाईनं मात्र एकदा बघितलं.

त्यानंतर दोघं जोडीनं हिंडायला लागली. वेळ जास्त जायचा. निघोज्याला जाऊन येईपर्यंत दिवस कलायचा, आणि चाकणच्या बाजाराला जायचं तर पहाटे उठावं लागायचं. बांगडी अजूनही एखाददुसरी वाढायची, ते काही थांबलं नाही. पण पेटी उघडायला शालनबाई आता भीत नसे. बाजारात बायका आता तिच्यापुढं हात करायच्या. परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायला नव्या सुना बिचकायच्या, त्या तिच्यापुढं मोकळ्या बसायला लागल्या. सोपानराव शेजारी बसून रंग सांगायचा, माळा उलगडून द्यायचा आणि गिऱ्हाईक नसलं की सायकलीचे आरे पुसायचा. आधी तिला पुसताना त्याचा हात नाइलाजानं फिरायचा. पुढं पुढं तो त्या सायकलीशी बोलायला लागला, म्हणजे शालनबाईनं एकदा ऐकलं.

एकदा चाकणहून येताना म्हाळुंग्याच्या अलीकडं चढ लागला. ठरल्याप्रमाणं शालनबाई उतरली, टोपली कॅरिअरवर ठेवून दोरीनं बांधली आणि मागून हात लावून चालायला लागली. थोडं वर गेल्यावर सोपानरावाचाही दम गेला आणि तोही उतरला. दोघं दोन बाजूंनी, मध्ये सायकल, अशी चढ चढायला लागली. ऊन बरंच होतं. रस्त्याकडेच्या शेतातून कुणीतरी हाक मारून विचारलं, कासारमामा, सायकल बिघडली का?

"बिघडली न्हाई!" सोपानराव ओरडून म्हणाला, आणि मग शालनबाईकडं वळला. "बघ की. दोघं बी चालतोय. मग ह्या सायकलीवर बसलंय तरी कोण?"

"बांगड्या बसल्यात," शालनबाई म्हणाली.

सोपानराव हसला. हसताना त्याचा श्वास अडकला, म्हणून तो थांबला. ती पण थांबली. चाक मागं घरंगळू नये म्हणून तिनं रुंद टायरपाशी पाय लावून धरला, आणि त्याचा दम परत येईपर्यंत दोघं तिथंच चढावर उभी राहिली.